हेल्म : सुकाणू आणि फेरफार



व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच्या तारखेपुढे 'हेल्म' एवढाच शब्द छापला आहे. तो वाचून हे कोणा जर्मन तत्त्ववेत्त्याचे नाव असावे असा काहींचा समज झाला असेल, तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. हेल्म हे संगणकावरचे एक हत्यार आहे; सुताराला जसा रंधा, तसे मोठमोठ्या यंत्रसमूहांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या माणसाला ते. आता रंध्यावर तासभर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, या मंडपात बसलेल्या पुष्कळांच्या घरातला कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी पुण्यास, बंगलोरला किंवा समुद्रापलीकडे याच कामात आहे. रात्री दोनला त्याचा फोन वाजतो, तो उठतो, कळफलकावर चार ओळी लिहितो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी आई विचारते, "रात्री काय करत होतास?" तो म्हणतो, "रिलीज होता." संभाषण तेथेच संपते. त्या चार ओळी बरोबर पडल्या की नाही यावर मात्र दुसऱ्या दिवशी कित्येकांचा दवाखान्यातला नंबर, कित्येकांचे वीजबिल आणि कित्येकांचे तिकीट अवलंबून असते. तेव्हा त्या ओळींत काय असते हे आपणही जाणून घ्यायला हरकत नाही.

विषयाच्या मुळाशी एक पेटी आहे. 1956 साली एप्रिलच्या 26 तारखेस अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून 'आयडियल एक्स' हे जहाज ह्यूस्टनकडे निघाले. त्यावर एकाच घाटाच्या 58 पेट्या होत्या. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या मालमोटारींच्या धंद्यातल्या माणसाची. तोवर गोणी निराळ्या, पिंपे निराळी, खोकी निराळी अशी हमालांच्या पाठीवरून चढत असत. मॅक्लीनने सारा माल एका मापाच्या पेटीत बंद केला. पेटीत कापूस आहे की यंत्रे, हे उचलणाऱ्या क्रेनला कळण्याचे कारण उरले नाही. न्हावा-शेव्याला आज जी कंटेनरांची रास दिसते तिचा उगम तो.

संगणकाच्या जगात हीच युक्ती 2013 साली 'डॉकर' या साधनाने घरोघर पोचवली. त्याआधीचे रडगाणे असे असे की, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर सुरळीत चालतो आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालत नाही, कारण त्याला लागणारे दहा मदतनीस प्रोग्रॅम तेथे नसतात किंवा वेगळ्या आवृत्तीचे असतात. कंटेनरमध्ये प्रोग्रॅम आणि त्याचा सारा लवाजमा एकत्र बांधून येतो. पेटी उचला, कोणत्याही यंत्रावर ठेवा, ती चालते.

पण पेट्या शेकड्यांनी झाल्या की त्या कोणत्या यंत्रावर ठेवायच्या, एखादे यंत्र बंद पडले तर त्यावरच्या पेट्या कोठे हलवायच्या, हे पाहणारा कोणीतरी हवा. गूगल कंपनीत 'बोर्ग' नावाची अशी व्यवस्था आतल्या आत चालत होती. त्या अनुभवावरून 2014 साली त्यांनी 'कुबरनेटीस' सर्वांसाठी खुले केले. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्याकडे त्याला तंतोतंत शब्द आहे, कर्णधार. यातला कर्ण म्हणजे कान नव्हे, नावेचे सुकाणू. ते धरतो तो कर्णधार. क्रिकेटने हा शब्द इतका पळवला आहे की त्याचा पाण्याशी संबंध होता हेच आपण विसरलो. कोकणातल्या तांडेलाला मात्र तो पटेल.

या कर्णधाराची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण त्याला 'हे कर, मग ते कर' असे सांगत नाही. 'असे असावे' एवढेच लिहून देतो. या प्रोग्रॅमच्या तीन प्रती नेहमी उभ्या असाव्यात, असा कागद दिला की तो सतत मोजत राहतो. दोन दिसल्या तर तिसरी उभी करतो, चार दिसल्या तर एक काढतो.

अडचण आहे ती या कागदांचीच. दवाखान्यात नंबर लावण्याची एक लहानशी सोय घ्या. तिच्या प्रती किती हा एक कागद, इतर प्रोग्रॅमनी तिला कोणत्या पत्त्यावर गाठावे हा दुसरा, बाहेरच्या जगाने कोणत्या दारातून यावे हा तिसरा; मग सेटिंग्ज, परवलीचे शब्द, माहिती साठवण्याची जागा. सहा कागद झाले. हीच सोय चाचणीसाठी एका ठिकाणी, रंगीत तालमीसाठी दुसऱ्या ठिकाणी आणि खऱ्या गिऱ्हाइकांसाठी तिसऱ्या ठिकाणी उभी करायची, म्हणजे अठरा. अठरा कागदांत पंधरा आणे मजकूर तोच असतो आणि एक आणा वेगळा. हा एक आणाच घात करतो. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी करायची राहते, आणि महिन्याभराने तिन्ही ठिकाणचे कागद वाचून कोणता खरा हे कोणालाच सांगता येत नाही.

हेल्मचा जन्म या अडचणीतून 2015 साली झाला. डेइस नावाच्या लहानशा कंपनीतल्या मंडळींनी तो आरंभिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या कुबरनेटीसच्या पहिल्या परिषदेत, लोकांपुढे ठेवला. कर्णधाराच्या हाती सुकाणू हवे, म्हणून नाव हेल्म. एका प्रोग्रॅमच्या साऱ्या कागदांचा जो गठ्ठा त्याला त्यांनी 'चार्ट', म्हणजे नाविकाचा नकाशा, असे नाव दिले. नावे ठेवण्यात ही मंडळी हौशी खरी.

चार्ट म्हणजे काय हे आपल्याला लग्नाच्या आचाऱ्यावरून चटकन समजेल. आचाऱ्याकडे यादी असते: तांदूळ किती, डाळ किती, तूप किती. ती तो प्रत्येक लग्नाला नव्याने रचत नाही. तो विचारतो, "पाने किती? गोड काय?" आपण म्हणतो, "पाने चारशे, जिलबी." बाकीची यादी आपोआप ठरते. चार्टमध्ये असेच दोन भाग असतात. एक साचे, ज्यांत जागोजाग गाळलेल्या जागा आहेत. आणि दुसरा 'व्हॅल्यूज' नावाचा एक कागद, ज्यात पाने किती आणि गोड काय एवढेच लिहिलेले असते. चाचणीला एक व्हॅल्यूजचा कागद, खऱ्या कामाला दुसरा, साचा मात्र एकच. अठरा कागदांच्या जागी सहा साचे आणि तीन छोटे कागद राहिले.

येथे हेल्मची एक खोड सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्याची जाहिरात करतो आहे असे वाटेल. हे कागद 'यॅमल' नावाच्या लिपिपद्धतीत लिहितात. तीत ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेला अर्थ असतो; दोन टिंबांइतकी जागा कमी सोडली तर वाक्याचा कर्ता बदलावा तसा प्रकार होतो. आणि हेल्मचा साचा तर मजकूर आंधळेपणाने चिकटवतो, अर्थ पाहत नाही. अशा जागेला अर्थ असलेल्या लिपीवर असा आंधळा साचा चालवणे हे मला मुळातच चुकीचे लग्न वाटते, पण आता त्याला पुष्कळ वर्षे झाली आणि संसार चालला आहे. पुणेकरांना एक गंमत सांगतो. पुण्याचा टेलिफोनचा संकेतांक 020. तो व्हॅल्यूजच्या कागदात अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर पुढे शून्य असलेली संख्या अष्टमान पद्धतीची, या जुन्या नियमाने तिचे 16 होतात. मुंबईच्या 022 चे 18. कोठे काही मोडत नाही, कोणी ओरडत नाही, फक्त फोन लागत नाही. नॉर्वे देशाचे संक्षिप्त नाव 'एन ओ' हे याच पद्धतीत 'नाही' असे वाचले जाते हे तर या धंद्यात प्रसिद्धच आहे.

आता हुकुमांकडे येऊ. हेल्मला बटणे नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर ओळ लिहायची आणि एंटर दाबायचे. पुष्कळांना हा मागासलेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. बटण दाबले याची खूण राहत नाही. कोणते दाबले हे दुसऱ्याला सांगताना 'वर उजव्या कोपऱ्यातले निळे' असे सांगावे लागते. लिहिलेला हुकूम जसाच्या तसा उतरून ठेवता येतो, दुसऱ्याच्या हाती देता येतो, अंमलापूर्वी त्याच्याकडून तपासून घेता येतो. 'हेल्म इन्स्टॉल' म्हटले की चार्ट आणि व्हॅल्यूज एकत्र करून सारे कागद कर्णधाराकडे जातात. 'हेल्म अपग्रेड' म्हणजे नवी आवृत्ती लावणे. 'हेल्म टेम्प्लेट' म्हणजे 'लावू नकोस, आधी भरलेले कागद मला दाखव'. हा शेवटचा हुकूम शिकवण्या-शिकण्यात फार मागे पडतो, आणि तो रोज वापरणारा माणूस मी शहाणा समजतो.

पण माझ्या मते हेल्मची खरी थोरवी इन्स्टॉलच्या सोयीत नाही. ती त्याच्या वहीत आहे.

आपल्यापैकी शेतीवाडीवाल्यांना सातबारा आणि फेरफार यांतला फरक सांगायला नको. सातबाऱ्यावर जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते कळते. ती तशी कशी झाली, वाटणी केव्हा झाली, खरेदी कोणत्या साली, हे गाव नमुना सहात, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, क्रमांकाने सापडते. भांडण उभे राहिले की माणूस सातबारा घेऊन येतो आणि वकील विचारतो, "फेरफार क्रमांक काय?" कुबरनेटीसकडे जे असते तो सातबारा. हेल्म जे ठेवतो तो फेरफार. प्रत्येक इन्स्टॉल, प्रत्येक अपग्रेड यांची क्रमांकवार नोंद होते: कोणता चार्ट, कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या व्हॅल्यूजसह, केव्हा. 'हेल्म हिस्टरी' म्हटले की ती यादी समोर येते. रात्री दोनला उठलेल्या आपल्या मुलाचा पहिला प्रश्न हाच असतो: संध्याकाळपर्यंत चालत होते, मग मध्ये काय बदलले?

आणि मग तो म्हणतो, 'हेल्म रोलबॅक', अमुक क्रमांकावर परत चल. येथे साम्य इतके जुळते की मला स्वतःला मौज वाटली. फेरफारातली मंजूर नोंद खोडत नाहीत. चुकली तर दुरुस्तीची नवी नोंद पडते. हेल्मही तेच करतो. तिसरी नोंद फसली आणि आपण दुसरीवर परतलो, तर तिसरी पुसली जात नाही. चौथी नोंद पडते आणि तिच्यात दुसरीचा मजकूर असतो. चूक झाली, ती कळली आणि मागे फिरलो, हे तिन्ही वहीत राहते. वही अनंत मात्र नाही. वेगळे सांगितले नाही तर शेवटच्या दहा नोंदी ठेवून जुन्या टाकून दिल्या जातात. आणि 'हेल्म अनइन्स्टॉल' म्हटले तर, 'वही राहू दे' असे मुद्दाम बजावल्याशिवाय, प्रोग्रॅमबरोबर वहीही जाते. दुसऱ्या आवृत्तीत याच्या उलट होते, आणि जुनी रीत मला अधिक बरी वाटते.

ही वही कोणाच्या हाती असावी याचा एक इतिहास आहे. 2016 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत हेल्मने यंत्रसमूहाच्या आत आपला एक कारभारी बसवला होता. त्याचे नाव टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा. बाहेरून हुकूम यावा आणि टिलरने तो अंमलात आणावा, अशी योजना. कारभाऱ्याला कोठेही अडचण येऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला सर्व अधिकार दिलेले असत. म्हणजे कुलमुखत्यारपत्रच. आणि हा मुखत्यार, वेगळा बंदोबस्त केला नाही तर, हुकूम कोणाचा आहे हे विचारत नसे. ज्याला स्वतःच्या नावाने एक कागद हलवण्याची मुभा नाही, तो टिलरपर्यंत पोचला की सारे दप्तर उलथेपालथे करू शके. कुबरनेटीसमध्ये व्यक्तिपरत्वे अधिकार वाटण्याची व्यवस्था 2017 नंतर रूढ झाली, तसे हे वैगुण्य अधिकच डोळ्यांत भरू लागले. 13 नोव्हेंबर 2019 रोजी तिसरी आवृत्ती निघाली आणि तीत टिलरला रजा मिळाली. आता जो हुकूम देतो त्याच्याच अधिकाराने काम होते; त्याला जेवढे करता येते तेवढेच हेल्मला करता येते. 2025 सालच्या नोव्हेंबरात चौथी आवृत्ती आली, तिनेही कारभारी परत आणला नाही.

टिलर गेल्यापासून वही त्या त्या प्रोग्रॅमच्या शेजारीच, कुबरनेटीसच्या 'सीक्रेट' नावाच्या कप्प्यात राहते. नावावर जाऊ नका. त्या कप्प्यातला मजकूर वेगळ्या वळणाने लिहिलेला असतो, इतकेच. मोडी न येणाऱ्याला मोडी कागद वाचता येत नाही म्हणून तो कुलपात आहे असे होत नाही. व्हॅल्यूजमध्ये परवलीचा शब्द लिहिला तर तो वहीच्या प्रत्येक नोंदीत उतरतो, आणि ज्याला कप्पा उघडण्याचा अधिकार आहे त्याला तो वाचता येतो.

वही आली म्हणजे सारे आले असे मात्र नाही. ज्यांना लोक अजून तलाठी म्हणतात ते काही शेतात राहत नाहीत. हेल्मही यंत्रसमूहात राहत नाही. हुकूम आला की नोंद करतो आणि निघून जातो. त्याच्या पाठीमागे कोणी परस्पर बदल केला तर वहीला पत्ता नसतो. हेल्मच्याच कागदपत्रांत याचे एक बोलके उदाहरण दिले आहे. प्रोग्रॅमच्या तीन प्रती चालू असतात. कोणीतरी हेल्मला वगळून, थेट कर्णधाराला सांगून त्या शून्यावर आणतो. दुसरा सहकारी पाहतो तो सारे बंद. तो 'हेल्म रोलबॅक' देतो. दुसरी आवृत्ती आधीची नोंद आणि आताची नोंद ताडून पाहते, दोन्हींत तीन. फरक नाही म्हणून ती काहीच करत नाही, आणि शेतात शून्यच राहते. तिसऱ्या आवृत्तीत तीन गोष्टी ताडल्या जातात: जुनी नोंद, नवी नोंद आणि प्रत्यक्ष स्थिती. त्यामुळे हा प्रसंग टळतो. परंतु दोन रोलबॅकांच्या मधल्या काळात कोणी काय हलवले याची फिर्याद हेल्म आपण होऊन कधीच आणत नाही.

याहून मोठी मर्यादा पुढे आहे, आणि घरी आपल्या मुलाला एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो याविषयी विचारा. रोलबॅकने प्रोग्रॅम मागे जातो. माहिती मागे जात नाही. त्याच दवाखान्याच्या सोयीत आजवर रुग्णाचे पूर्ण नाव एका रकान्यात होते असे समजा. नव्या आवृत्तीने त्याचे नाव आणि आडनाव असे दोन रकाने केले, जुना रकाना काढून टाकला, आणि रात्री बाराला ती लागली. दोनला लक्षात आले की नव्या आवृत्तीत दुसरेच काही बिघडले आहे. रोलबॅक दिला. जुना प्रोग्रॅम उभा राहिला आणि आपला रकाना शोधू लागला; तो रकाना तर दोन तासांपूर्वी गेला. शिवाय या दोन तासांत तातडीच्या पेशंटांची नावे नव्या रकान्यांत लिहिली गेली आहेत, ती जुन्या प्रोग्रॅमला दिसतच नाहीत. वहीत चौथी नोंद व्यवस्थित पडली आहे, पुढे 'यशस्वी' असेही लिहिले आहे, आणि दवाखान्यात मात्र रुग्ण सापडत नाहीत.

याला हेल्ममध्ये उपाय नाही, आणि नसणे योग्यच आहे. माणसांनी भरलेली माहिती पुसून जुनी आणणे हे काम कोणत्याही हत्याराने आपल्या बुद्धीने करू नये. उपाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी करायचा. एका खेपेस नवे रकाने जोडायचे, जुना ठेवायचा. काही आठवडे दोन्हींत लिहायचे. सारे ठीक चालले आहे अशी खात्री झाल्यावर, निराळ्या खेपेस, निराळ्या दिवशी, जुना काढायचा. मग मधल्या कोणत्याही रात्री मागे फिरता येते. हे करायला तीन खेपा लागतात आणि वरिष्ठांना एकीची घाई असते. आपल्या मुलाच्या तोंडून रात्री दोनला निघणाऱ्या सुस्काऱ्याचे कारण पुष्कळदा या दोन आकड्यांतल्या फरकात असते.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. तयार चार्ट बाजारात मिळतात, बहुधा विनामूल्य. डेटाबेस हवा, एका हुकुमात डेटाबेस. पण चार्ट हा नकाशा आहे, माल नव्हे. पेट्या तो दुसऱ्याच्या कोठारातून आणवतो. आरंभी हेल्मवाल्यांनी स्वतःच एक सार्वजनिक कोठार स्वयंसेवकांच्या बळावर चालवले. ते 13 नोव्हेंबर 2020 पासून नव्या दुरुस्त्यांना बंद झाले. पुढे पुष्कळांची भिस्त 'बिटनामी' या नावावर होती. ते ब्रॉडकॉम कंपनीच्या मालकीचे झाले, आणि 2025 सालच्या जुलैत जाहीर झाले की मोफत पेट्यांच्या बहुतेक आवृत्त्या 'लेगसी' नावाच्या बाजूच्या कोठारात जातील, तेथे पुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचा अंमल झाला. कंपनीने आपला माल विकायला काढला, हा तिचा अधिकार. त्यात मला तक्रार नाही. पण अशा वेळी फसगत कशी होते ते पाहा. चालू प्रोग्रॅम चालूच राहतो. काही आठवड्यांनी एखादे यंत्र बंद पडते, कर्णधार आपल्या रीतीप्रमाणे पेटी दुसऱ्या यंत्रावर उभी करायला जातो, कोठाराकडे मागतो, आणि कोठार म्हणते, ती येथे नाही. त्या दिवशी कोणी काहीच बदललेले नसते. वही उघडली तर शेवटची नोंद सहा महिन्यांपूर्वीची. ज्यांनी पेट्यांची प्रत आधीच आपल्या कोठारात आणून ठेवली होती, आणि 'सगळ्यांत नवी दे' असे न म्हणता नेमका आवृत्ती-क्रमांक लिहिला होता, त्यांच्याकडे ही रात्र आली नाही.

सभेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे की हे शिकायचे कसे. घरच्या साध्या संगणकावर शिकता येते, पैसे लागत नाहीत. 'मिनीक्यूब' हे साधन घेतले की एकाच यंत्रावर लहानसा कुबरनेटीस उभा राहतो. 'हेल्म क्रिएट' म्हटले की नमुन्याचा चार्ट तयार मिळतो. त्यात प्रतींची संख्या एक असते. तो इन्स्टॉल करा. संख्या तीन करून अपग्रेड करा. मग पहिल्या क्रमांकावर रोलबॅक करा आणि 'हेल्म हिस्टरी' पाहा. तीन ओळी दिसतील. पहिल्या दोहोंपुढे 'मागे पडली' अशा अर्थाचा शेरा असेल, तिसरीपुढे 'चालू', आणि तिच्या कारणाच्या रकान्यात 'एकवर परत' असे लिहिलेले असेल. त्यानंतर हेल्मला न सांगता, थेट कुबरनेटीसला सांगून प्रती शून्यावर आणा आणि वही पुन्हा उघडा. तिच्यात अजूनही त्याच तीन ओळी असतील.